चिकलठाण्याहून लंडनला : अंतर, वेळ आणि घड्याळ

आकाशमार्गानें प्रवास करणें ही गोष्ट एके काळीं राजेरजवाड्यांच्या किंवा साहसी वीरांच्या वांट्याची समजली जात असे. आतां तसें राहिलें नाहीं. आपल्या छत्रपति संभाजीनगरांतील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंतील, कित्येक घरांतले मुलगे व मुली उच्च शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं इंग्लंड, जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या देशीं जातात. त्यांना निरोप देऊन घरीं परतलेले आईबाप मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसतात. "आतां कोठवर गेली असेल? केव्हां पोहोंचेल? निरोप यावयास इतका उशीर कां?" असे प्रश्न त्यांच्या मनांत येतात, आणि त्यांचें उत्तर घरांतील शाळकरी मुलानें द्यावें अशी अपेक्षा असते.

विद्यार्थिमित्रहो, हा प्रश्न वरवर पाहतां सोपा वाटतो. अंतरास वेगानें भागिलें कीं वेळ निघतो, हें आपण खालच्या इयत्तांतच शिकलों आहों. परंतु दोन दूरच्या विमानतळांमधील प्रवासास ही रीति जशीच्या तशी लावूं गेल्यास उत्तर चुकतें. कारण तेथें तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात : पहिली, दोन स्थळांमधील खरें अंतर, दुसरी, तें तोडण्यास लागणारा खरा वेळ, आणि तिसरी, दोन ठिकाणच्या घड्याळांतील फरक. ह्या तिन्हींची गल्लत झाली म्हणजे हिशेब बिघडतो व विनाकारण काळजी उत्पन्न होते. म्हणून ह्या पाठांत आपण त्या एकेक करून वेगळ्या काढूं. उदाहरणासाठीं आपला चिकलठाण्याचा विमानतळ व लंडन शहराचा हीथ्रो विमानतळ हीं दोन स्थळें घेऊं.

१. नकाशावरची सरळ रेघ

वर्गांतील भिंतीवर जगाचा नकाशा असतो. त्यावर आपलें शहर व लंडन ह्यांमध्यें पट्टी ठेवून रेघ ओढिली, तर ती अरबी समुद्राच्या उत्तर भागावरून इराण, इराक, सीरिया व तुर्कस्तान ह्या देशांवरून जाते. पाहणाऱ्यास वाटतें कीं हाच सर्वांत जवळचा मार्ग. पण तो तसा नाहीं. पृथ्वी गोल आहे व नकाशा सपाट आहे. संत्र्याची साल सोलून पाटावर सपाट पसरूं लागलें तर ती कोठें तरी फाटते किंवा ताणली जाते, तसेंच नकाशाचें आहे. विषुववृत्ताजवळचे प्रदेश त्यांत बरेचसे यथायोग्य दिसतात, पण उत्तरेकडे व दक्षिणेकडे जावें तसतसे ते पूर्व-पश्चिम ताणले जातात.

एक सोपें उदाहरण घ्या. साठाव्या उत्तर अक्षांशावर दोन गांवें आहेत आणि तीं पृथ्वीच्या अगदीं उलट बाजूंस, म्हणजे एकमेकांपासून १८० रेखांशांवर, आहेत असें समजा. नकाशावर त्यांना जोडणारी रेघ त्या अक्षांशावरूनच आडवी जाईल. त्या वाटेनें अंतर सुमारें १०,००० किलोमीटर भरतें. पण तेंच अंतर उत्तर ध्रुवावरून ओलांडून गेल्यास ? पहिल्या गांवापासून ध्रुव ३० अंश व ध्रुवापासून दुसरें गांव ३० अंश, मिळून ६० अंश. म्हणजे सुमारें ६,६७० किलोमीटर. नकाशावर जी वाट वेडीवांकडी दिसली असती, तीच एक तृतीयांशानें जवळची निघाली.

गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट ही नेहमीं अशा वर्तुळाचा भाग असते कीं ज्याचा मध्य पृथ्वीच्या मध्याशीं असतो. अशा वर्तुळास महावृत्त म्हणतात. विषुववृत्त हें महावृत्त आहे, सर्व रेखावृत्तें महावृत्तांचे अर्धे भाग आहेत. पण विषुववृत्ताखेरीज दुसरें कोणतेंही अक्षवृत्त महावृत्त नव्हे. ही एक गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे पुढील सर्व सोपें होईल.

२. दोऱ्यानें मोजण्याची रीति

शाळेंतील पृथ्वीचा गोल घ्या व एक बारीक सुती दोरा घ्या. दोऱ्याचें एक टोंक आपल्या शहरावर व दुसरें लंडनवर धरून तो ताणा. ताणलेला दोरा आपोआप महावृत्तावर बसतो. त्याला दुसरी वाटच नसते. आतां तो कोणकोणत्या देशांवरून गेला तें पहा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, पुढें कास्पियन समुद्र, कॉकेशसचे पर्वत, युक्रेन, पोलंड, जर्मनी, आणि मग इंग्लंड. नकाशावरील रेघेपेक्षां ही वाट बरीच उत्तरेकडून गेली.

आतां दोरा तसाच चिमटींत धरून उचला व विषुववृत्तावर ठेवा. विषुववृत्तावर रेखांशांचे आंकडे छापलेले असतात. दोऱ्याची लांबी सुमारें ६६ अंश भरेल. पृथ्वीचा परीघ सुमारें ४०,००० किलोमीटर व त्याचे अंश ३६०, म्हणून एक अंश म्हणजे सुमारें १११ किलोमीटर. ६६ ला १११ नें गुणिलें तर ७,३२६ किलोमीटर. दोरा व गोल ह्यांखेरीज कांहीं न वापरतां मिळालेलें हें उत्तर किती बरोबर आहे, तें आतां गणितानें ताडून पाहूं.

३. गणितानें ताडा

ही कृति वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीं आहे. लहानांनीं ती सोडून पुढें गेलें तरी चालेल. चिकलठाणा विमानतळ १९.८६ उत्तर अक्षांशावर व ७५.४० पूर्व रेखांशावर आहे. हीथ्रो ५१.४७ उत्तर अक्षांशावर व ०.४५ पश्चिम रेखांशावर आहे. दोन्ही रेखांश ग्रीनिचच्या विरुद्ध बाजूंस असल्यामुळें त्यांची बेरीज करावयाची : ७५.८५ अंश.

नियम असा आहे. दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करावा. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनांचा व रेखांशांतील फरकाच्या कोसाइनाचा गुणाकार करावा. दोन्ही गुणाकारांची बेरीज ही पृथ्वीच्या मध्याशीं होणाऱ्या कोनाची कोसाइन होय.

पहिला गुणाकार : ०.३३९८ × ०.७८२३ = ०.२६५८.
दुसरा गुणाकार : ०.९४०५ × ०.६२२९ × ०.२४४४ = ०.१४३२.
बेरीज : ०.४०९०.

ज्या कोनाची कोसाइन ०.४०९० आहे तो कोन ६५.८६ अंश, म्हणजे ६५ अंश ५२ कला. एका अंशाच्या ६० कला, म्हणून एकूण ३,९५२ कला. नौकानयनांतील व विमानविद्येंतील लोक ह्या एका कलेस एक सागरी मैल म्हणतात, तो १.८५२ किलोमीटरांचा असतो. म्हणून आपलें अंतर ३,९५२ सागरी मैल, म्हणजे सुमारें ७,३२० किलोमीटर झालें. दोऱ्यानें आलेल्या उत्तरांत व ह्यांत किती थोडा फरक आहे, तो पहा. हाताशीं असलेलें साधें साधन नीट वापरलें तर तें मोठ्या गणिताशीं टक्कर देऊं शकतें.

४. प्रत्यक्ष वाट

हें झालें सरळ अंतर. पण चिकलठाण्याहून लंडनला थेट जाणारें नियमित विमान नाहीं. मुंबईस किंवा दिल्लीस जाऊन तेथें दुसरें विमान धरावें लागतें. मुंबईपर्यंत हवाई अंतर सुमारें २८० किलोमीटर व मुंबईपासून हीथ्रो सुमारें ७,२१०; एकूण ७,४९०. दिल्लीवरून जातां ९८० व ६,७३० मिळून ७,७१० किलोमीटर. म्हणजे मुंबईवरून गेल्यानें सरळ अंतरापेक्षां १७० व दिल्लीवरून गेल्यानें ३९० किलोमीटर अधिक पडतात. दिल्ली लंडनच्या बाजूस जवळ असूनही एकूण वाट लांबते, कारण आपल्या गांवाहून दिल्ली ही जवळजवळ सरळ उत्तरेस आहे व लंडनची वाट वायव्येस जाते.

शिवाय आकाश जरी मोकळें दिसलें तरी तें सर्वस्वी मोकळें नसतें. प्रत्येक देशास आपल्या भूमीवरील आकाशावर हक्क असतो. २४ फेब्रुवारी १९४८ नव्हे, तर अगदीं अलीकडच्या २४ फेब्रुवारी २०२२ ह्या दिवशीं युक्रेनमध्यें युद्ध पेटलें व तेथील आकाश प्रवासी विमानांस बंद झालें. २०१९ सालीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत, आणि पुन्हां २०२५ च्या एप्रिलांत, पाकिस्तानानें भारतीय विमानांस आपलें आकाश बंद केलें. आपल्या दोऱ्यानें दाखविलेली वाट नेमकी ह्याच दोन देशांवरून जाते, हें तुमच्या ध्यानांत आलेंच असेल. अशा वेळीं विमानांस दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागतो. अंतर वाढतें, तेल अधिक जळतें व वेळही अधिक लागतो. भूगोलाच्या गोलावर ताणलेल्या दोऱ्यास राजकारण ठाऊक नसतें, पण वैमानिकास तें ठाऊक असावें लागतें.

५. वेळ : भागाकार कोठें चुकतो ?

मोठीं प्रवासी विमानें वर गेल्यावर ताशीं सुमारें ८५० ते ९०० किलोमीटर ह्या गतीनें जातात. ह्या गतीनें आपल्या गांवाहून मुंबईचे २८० किलोमीटर वीस मिनिटांत तोडले गेले पाहिजेत. पण वेळापत्रकांत त्यासाठीं सुमारें एक तास दिलेला असतो. मग उरलेलीं चाळीस मिनिटें गेलीं कोठें ? विमान आपल्या जागेवरून निघून धांवपट्टीच्या टोंकाशीं जातें, तेथें पाळीची वाट पाहतें, वर चढतें, पूर्ण गति येते न येते तोंच खालीं उतरूं लागतें, मुंबईसारख्या गजबजलेल्या ठिकाणीं उतरण्यासाठीं कधीं घिरट्याही घालतें, आणि उतरल्यावर पुन्हां आपल्या जागेपर्यंत चालत जातें. हा वेळ जवळच्या प्रवासास लागतो तितकाच दूरच्या प्रवासासही लागतो. म्हणून जवळच्या प्रवासांत सरासरी गति फार कमी पडते व दूरच्या प्रवासांत ती खऱ्या गतीच्या जवळ येते. यास्तव दूरच्या प्रवासाचा अंदाज करतांना भागाकारानें आलेल्या वेळांत निदान अर्धा तास मिळवावा.

तरीही विमानाचा फायदा स्पष्ट आहे. मुंबईस रेल्वेनें जावयाचें तर मनमाडवरून वळसा घेऊन सुमारें ३७५ किलोमीटर पडतात व सहा-सात तास लागतात.

६. वारा व पृथ्वीचें फिरणें

येथें एक हुशार विद्यार्थी विचारील : "पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान नुसतें वर जाऊन थांबलें तर लंडनच आपल्या खालीं येणार नाहीं काय ? निदान पश्चिमेकडे जाणारें विमान तरी लवकर पोहोंचावें." प्रश्न चांगला आहे, पण उत्तर "नाहीं" असें आहे. पृथ्वीभोंवतालची हवा पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमान त्या हवेंत असतें. धांवत्या आगगाडीच्या डब्यांत उडणारी माशी जशी मागें राहत नाहीं, तशीच ही गोष्ट आहे.

प्रत्यक्षांत तर उलटच घडतें : पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानास अधिक वेळ लागतो. ह्याचें कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, विशेषतः उत्तरेकडील प्रदेशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिशय वेगवान वारे असतात. हिंवाळ्यांत त्यांची गति कधीं कधीं ताशीं दीडदोनशें किलोमीटरांच्याही वर जाते. लंडनला जातांना ते समोरून येतात व परततांना पाठीशीं असतात.

गणिताच्या सोयीसाठीं अंतर ७,२०० किलोमीटर, विमानाची गति ताशीं ९०० व वाऱ्याची गति ताशीं १०० किलोमीटर धरूं. जातांना खरी गति ८०० होईल व ९ तास लागतील. येतांना ती १,००० होईल व ७ तास १२ मिनिटें लागतील. जाण्यायेण्याचा वेळ मिळून १६ तास १२ मिनिटें झाला. वारा मुळींच नसता तर ? एका बाजूस ८ तास, दोन्ही मिळून १६ तास. म्हणजे वाऱ्यानें जितकें घेतलें तितकें परत दिलें नाहीं. पुष्कळ विद्यार्थी ९०० हीच सरासरी गति धरून परीक्षेंत चुकतात. विमान मंद गतीनें अधिक वेळ व शीघ्र गतीनें कमी वेळ चालतें, म्हणून सरासरी गति ९०० पेक्षां कमीच येते, हें मर्म समजून घ्यावें.

७. अंतर तेंच, काळ बदलला

मुंबई व लंडन ह्यांमधील महावृत्ताचें अंतर शंभर वर्षांपूर्वीं जेवढें होतें तेवढेंच आज आहे. बदलला आहे तो काळ. १८६९ सालीं सुएझचा कालवा सुरू झाल्यावरही आगबोटीनें विलायतेस पोहोंचण्यास दोन-तीन आठवडे लागत.

१९३० सालीं हिंदुस्थान व इंग्लंड ह्यांमधील प्रवास विमानानें एकट्यानें व एका महिन्याच्या आंत पुरा करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास आगाखान यांनीं बक्षीस ठेविलें होतें. एका महिन्याची मुदत ! अवघ्या सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर इंग्लंडाहून इकडे निघाला होता व जे. आर. डी. टाटा कराचीहून तिकडे निघाले होते. वाटेंत इजिप्तमधील अबूकीर येथें दोघांची गांठ पडली. अस्पीचें विमान स्पार्क प्लग नसल्यामुळें अडून पडलें होतें. टाटांनीं आपल्याजवळचे प्लग त्यास देऊन टाकले, आणि अस्पीनें कांहीं तासांच्या फरकानें तें बक्षीस जिंकलें. पुढें हाच मुलगा भारताच्या हवाई दलाचा प्रमुख झाला. आणि टाटांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपाल आणून आपल्या देशांतील नियमित हवाई वाहतुकीचा पाया घातला. त्या शर्यतींत हरलेला कोण, हें वाचकांनींच ठरवावें.

८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघालें व कैरो आणि जिनीव्हा येथें थांबत १० जून रोजीं लंडनला पोहोंचलें. १९६० सालीं त्याच कंपनीचीं जेट विमानें लंडनवरून न्यूयॉर्कपर्यंत जाऊं लागलीं, आणि २००७ सालीं मुंबईहून न्यूयॉर्कला कोठेंही न थांबतां जाणारें विमान सुरू झालें.

८. दोन गांवांचीं दोन घड्याळें

आतां तिसऱ्या गोष्टीकडे वळूं; आईबापांची खरी फसगत येथेंच होते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासांत १५ अंश व चार मिनिटांत एक अंश. सगळ्या भारताचें घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशावर लाविलेलें आहे. आपलें शहर ७५.४ रेखांशावर, म्हणजे त्याच्या ७.१ अंश पश्चिमेस आहे. म्हणून वर्षाच्या सरासरीनें आपल्या डोक्यावर सूर्य मध्यान्हीं येतो तेव्हां घड्याळांत १२ वाजून २८ मिनिटें झालेलीं असतात.

ग्रीनिचच्या काळापेक्षां भारताचा काळ साडेपांच तास पुढें आहे. हिंवाळ्यांत इंग्लंडांत ग्रीनिचचाच काळ पाळतात. मार्चच्या शेवटच्या रविवारापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापर्यंत मात्र तेथील घड्याळें एक तास पुढें करितात. त्या दिवसांत आपल्यांत व त्यांच्यांत साडेचार तासांचाच फरक असतो.

समजा, हिंवाळ्यांत एक विमान मुंबईहून दुपारीं २ वाजून १५ मिनिटांनीं निघालें व त्याच संध्याकाळीं ६ वाजून ४५ मिनिटांनीं लंडनला पोहोंचलें, असें तिकिटावर छापलें आहे. घरांतील वडील माणसें म्हणतील, "साडेचार तासांचाच तर प्रवास !" आणि पावणेसात वाजले कीं निरोपाची वाट पाहूं लागतील. पण ती पावणेसाताची वेळ लंडनच्या घड्याळाची आहे. त्या वेळीं आपल्याकडे रात्रीचे सव्वाबारा वाजलेले असतात. खरा प्रवास दहा तासांचा आहे. पावणेसातला तें विमान अर्ध्या वाटेवरही पोहोंचलेलें नसतें, आणि त्या मुलीचा आवाज न ऐकूं येण्यांत चिंतेचें कांहींच कारण नसतें.

नियम एकच लक्षांत ठेवावा : निघण्याची व पोहोंचण्याची वेळ एकाच ठिकाणच्या घड्याळांत बदलून घ्यावी, आणि मगच वजाबाकी करावी. परतीचें उदाहरण घ्या. लंडनहून रात्रीं ९ वाजतां निघालेलें विमान दुसऱ्या दिवशीं सकाळीं ११.३० वाजतां मुंबईस येतें. दिसण्यांत साडेचौदा तास. पण लंडनला रात्रींचे ९ म्हणजे आपल्याकडे पहांटेचे २.३०. तेव्हांपासून ११.३० पर्यंत नऊच तास होतात. एकाच वाटेवर एकदां साडेचार व एकदां साडेचौदा तास दिसले, खरे तास मात्र दहा व नऊ.

पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवाशास ह्या फरकाचा एक गोड अनुभव येतो. सूर्य ताशीं १५ अंश पुढें सरकतो व विमान त्याच्यामागून ताशीं सुमारें सात अंश धांवतें. त्यामुळें दुपार जवळजवळ दुप्पट लांबते व संध्याकाळ संपतां संपत नाहीं.

९. न्यूयॉर्कचें उदाहरण

हेंच ज्ञान आणखी दूरच्या प्रवासास लावून पहा. मुंबई ७२.९ पूर्व रेखांशावर व न्यूयॉर्क ७३.८ पश्चिम रेखांशावर आहे. नकाशा पाहणारा म्हणेल कीं अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग व अटलांटिक महासागर ओलांडून जावें. दोरा मात्र मध्य आशिया, रशिया, स्वीडन, नॉर्वे, आइसलंड व ग्रीनलंडचें दक्षिण टोंक दाखवितो ! ही वाट जवळजवळ ६५ उत्तर अक्षांशापर्यंत चढते व मग खालीं उतरते. अंतर सुमारें १२,५३० किलोमीटर. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल.

हिंवाळ्यांत न्यूयॉर्कचें घड्याळ आपल्यामागें साडेदहा तास असतें, उन्हाळ्यांत साडेनऊ. समजा, जानेवारींत मुंबईहून मध्यरात्रीनंतर १ वाजतां निघालेलें विमान त्याच तारखेस सकाळीं ६.३० वाजतां न्यूयॉर्कला उतरलें. दिसावयास साडेपांच तास. त्यांत साडेदहा मिळविले कीं सोळा तास. न्यूयॉर्कला सकाळ असते त्या वेळीं आपल्याकडे संध्याकाळचे पांच वाजलेले असतात.

१०. पालकांस दोन शब्द

आतां सर्व हिशेब एकत्र करूं. चिकलठाणा विमानतळावर दोन तास आधीं पोहोंचावें. मुंबईपर्यंत एक तास. मुंबईस उतरून सामान, पारपत्र व तपासणी ह्यांसाठीं पांच तास हाताशीं ठेविले असें समजूं. पुढें दहा तासांचें उड्डाण. लंडनला उतरल्यावर पारपत्र दाखवून व सामान घेऊन बाहेर पडण्यास दीड तास. एकूण साडेएकोणीस तास, आणि त्यांतील साडेआठ तास जमिनीवरचे ! ७,३२० किलोमीटरांस ह्या वेळानें भागिलें तर सरासरी गति ताशीं अवघी ३७५ किलोमीटर येते. विमान नऊशेंच्या गतीनें जातें. प्रवासी मात्र पावणेचारशेंच्या गतीनें पोहोंचतो.

मधले हे पांच तास वायां गेले असें समजूं नये. आपल्याकडील विमान धुक्यामुळें किंवा पावसामुळें दोन तास उशिरा निघालें तर तेच तास उपयोगी पडतात. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असले व पहिल्याच्या उशिरामुळें दुसरें विमान चुकलें, तर पुढची सोय करून देण्याची जबाबदारी सामान्यतः कंपनीवर असते. दोन वेगळीं तिकिटें काढलीं असलीं तर तो भार प्रवाशावर येतो. चार पैसे वांचविण्यासाठीं दोन तिकिटें काढून मध्यें दीड-दोन तासच ठेवणें म्हणजे वर्षभराची फी व प्रवेशाचा दिवस पणास लावणें होय. ज्या मुलाचा किंवा मुलीचा हा पहिलाच प्रवास असेल, त्यांनीं निघण्यापूर्वीं एका कागदावर प्रत्येक टप्प्याची वेळ दोन्ही घड्याळांत लिहून तो घरीं ठेवावा. मग आईस रात्रीं जागत बसावें लागणार नाहीं. कागदाकडे पाहून तिला समजेल कीं आपलें मूल आतां कास्पियन समुद्राच्या आसपास आहे, आणि निरोप सव्वाबारानंतरच येणार आहे.

पृथ्वीचें मोजमाप दोऱ्यानें करतां येतें आणि मनाची काळजी साध्या वजाबाकीनें हलकी करतां येते. शाळेंत शिकलेल्या भूगोलाचा व गणिताचा घरांतील माणसांस ह्यापेक्षां अधिक जवळचा उपयोग तो कोणता ?

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) गोलावर दोन शहरांमधील दोरा विषुववृत्तावर ठेवला असतां ४० अंश भरला. अंतर किती किलोमीटर ?

(२) सिंगापूरचें घड्याळ आपल्यापुढें अडीच तास आहे. मुंबईहून रात्रीं १० वाजतां निघालेलें विमान तेथें सकाळीं ६ वाजतां पोहोंचलें. खरा प्रवास किती तासांचा ?

(३) अंतर ३,९६० किलोमीटर, विमानाची गति ताशीं ८०० व वाऱ्याची ताशीं ८० किलोमीटर आहे. जातांना वारा समोरून व येतांना पाठीमागून असल्यास जाण्यायेण्यास मिळून किती वेळ लागेल ? वारा नसतां किती लागला असता ?

(४) नागपूर ७९.१ पूर्व रेखांशावर आहे. आपल्या शहरापेक्षां तेथें सूर्य किती मिनिटें आधीं माथ्यावर येतो ?

उत्तरें : (१) सुमारें ४,४४० किलोमीटर. (२) साडेपांच तास. (३) १० तास; वारा नसतां ९ तास ५४ मिनिटें. (४) सुमारें १५ मिनिटें.